आयनन ऊर्जेचा बाण: कुठे मोडतो आणि का मोडतो

अणुरेणू (धागाकर्ता)

आवर्तसारणीच्या तक्त्यावर बहुतेक ठिकाणी दोन बाण काढलेले असतात. एक आवर्तात डावीकडून उजवीकडे, दुसरा गणात खालून वर, आणि शेजारी लिहिलेलं असतं 'आयनन ऊर्जा वाढते'. बाण खोटा नाही. पण तो जिथे मोडतो तिथे दिली जाणारी कारणं निम्म्या वेळा कारणं नसतात, पाठ केलेली वाक्यं असतात. हा धागा त्या मोडलेल्या जागांसाठी.

व्याख्या आधी पक्की करू. वायुरूपातल्या, सुट्या, मूळ अवस्थेतल्या अणूमधून सर्वांत सैल इलेक्ट्रॉन पूर्णपणे काढायला लागणारी किमान ऊर्जा. 'वायुरूप' आणि 'सुटा' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. सोडिअमच्या धातूच्या तुकड्यातून इलेक्ट्रॉन काढायला लागते ती ऊर्जा वेगळी (ते कार्यफल), तिचा इथे संबंध नाही.

पहिली आयनन ऊर्जा, किलोज्यूल प्रति मोलमध्ये:

दुसरं आवर्त: लिथिअम ५२०, बेरिलिअम ९००, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८१.

तिसरं आवर्त: सोडिअम ४९६, मॅग्नेशिअम ७३८, ॲल्युमिनिअम ५७८, सिलिकॉन ७८६, फॉस्फरस १०१२, सल्फर १०००, क्लोरिन १२५१, अरगॉन १५२१.

बाण दोन्ही ओळींत त्याच दोन जागी मोडतो: दुसऱ्या गणाकडून तेराव्याकडे जाताना, आणि पंधराव्याकडून सोळाव्याकडे जाताना. खालच्या आवर्तांत आणखी गमती आहेत. जाणकारांनी एकेक जागा घ्यावी. 'स्थिर असतं म्हणून' हे उत्तर या धाग्यावर चालणार नाही.

---

कक्षक

पहिली जागा घेतो. बेरिलिअमचा जाणारा इलेक्ट्रॉन २एस मधला, बोरॉनचा २पी मधला. दोघांचा मुख्य क्वांटम अंक एकच, पण २एस चा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळही काही प्रमाणात सापडतो. आतल्या १एस च्या पडद्याच्या आत शिरतो म्हणा ना. २पी ची घनता केंद्रकापाशी शून्य होते. त्यामुळे त्याला आतल्या इलेक्ट्रॉनांचं परिरक्षण (केंद्रकाची ओढ अडवणं) जास्त जाणवतं, वर २एस मधले दोघेही थोडं परिरक्षण करतात. बोरॉनच्या केंद्रकात एक प्रोटॉन वाढला खरा, पण त्याचा फायदा या तोट्यापुढे कमी पडला.

'बेरिलिअमचा एस कक्षक पूर्ण भरलेला, म्हणून तो स्थिर' हे वाक्य इथे काहीच सांगत नाही. बेरिलिअममध्ये विशेष काही घडलेलं नाही. बोरॉनमध्ये नवा, वरच्या ऊर्जेचा कक्षक सुरू झालाय, एवढंच. मॅग्नेशिअम आणि ॲल्युमिनिअमचंही तसंच, फक्त तिथे ३एस आणि ३पी.

---

वजाबाकी

दुसरी जागा, नायट्रोजन-ऑक्सिजन. 'अर्धा भरलेला पी कक्षक स्थिर असतो' हे यावरचं ठरलेलं उत्तर. मग कार्बनपासून नायट्रोजनपर्यंतची वाढ आणि ऑक्सिजनपासून फ्लोरिनपर्यंतची वाढ जवळपास सारखी का, हे त्या उत्तराला सांगता येत नाही.

आयनन ऊर्जा हा नुसत्या अणूचा गुण नाही. ती दोन अवस्थांमधली वजाबाकी आहे: आयनाची ऊर्जा वजा अणूची ऊर्जा. म्हणून मागे राहिलेल्या आयनाकडेही बघायला हवं.

एकाच दिशेच्या फिरकीच्या (स्पिनच्या) इलेक्ट्रॉनांच्या प्रत्येक जोडीमागे विनिमय ऊर्जेचा (असे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात, त्यामुळे ऊर्जा जेवढी खाली येते तिचा) एक वाटा मिळतो. पी कक्षकांत अशा जोड्या मोजा, अणूत आणि आयनात:

बोरॉन ० → ०, तोटा ०
कार्बन १ → ०, तोटा १
नायट्रोजन ३ → १, तोटा २
ऑक्सिजन ३ → ३, तोटा ०
फ्लोरिन ४ → ३, तोटा १
निऑन ६ → ४, तोटा २

तोट्याचा क्रम ०, १, २ आणि पुन्हा ०, १, २. आता आलेख काढा. बोरॉन-कार्बन-नायट्रोजन जवळपास सरळ रेषेत (वाढ २८५ आणि ३१६), ऑक्सिजन-फ्लोरिन-निऑनही सरळ रेषेत (३६७ आणि ४००). दोन्ही रेषा जवळजवळ समांतर, फक्त दुसरी खाली सरकलेली. पहिली रेषा ऑक्सिजनपर्यंत वाढवली तर १७०० च्या वर आकडा येतो, प्रत्यक्षात १३१४. म्हणजे नायट्रोजन उंच उडालेला नाही, ऑक्सिजनपासून पुढचे तिन्ही एका पायरीने खाली आलेत. त्या पायरीत विनिमयाचा हिशेब आहे आणि एकाच कक्षकात दुसरा इलेक्ट्रॉन बसवल्यामुळे होणारं जास्तीचं प्रतिकर्षणही आहे. दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू धरल्या तरी चालेल.

पडताळा हवा असेल तर दुसरी आयनन ऊर्जा घ्या. बेरिलिअम १७५७, बोरॉन २४२७, कार्बन २३५३, नायट्रोजन २८५६, ऑक्सिजन ३३८८, फ्लोरिन ३३७४, निऑन ३९५२. दोन्ही मोड एकेक घर उजवीकडे सरकले! कार्बनचा एकधन आयन बोरॉनसारखा, फ्लोरिनचा एकधन आयन ऑक्सिजनसारखा. मोड मूलद्रव्याला चिकटलेला नसून इलेक्ट्रॉनांच्या संख्येला चिकटलेला आहे, हे यावरून दिसतं.

---

समीकरण_सुटेना

स्लेटरच्या नियमांनी (परिरक्षणाचा ठरलेल्या आकड्यांनी अंदाज बांधायची रीत) हे आकडे काढता येत नाहीत का? लिथिअमसाठी परिणामी प्रभार (परिरक्षण वजा करून इलेक्ट्रॉनला जाणवणारा केंद्रकाचा प्रभार) ३ − २×०.८५ = १.३. मग १३१२ (हायड्रोजनची आयनन ऊर्जा) × (१.३ ÷ २)² = ५५४. खरा आकडा ५२०, म्हणजे ठीकच. पण त्याच रीतीने बेरिलिअम: ४ − ०.३५ − १.७० = १.९५, आणि १३१२ × (१.९५ ÷ २)² = १२४७. खरा ९००. एवढी चूक कुठून आली?

---

वजाबाकी

@समीकरण_सुटेना, चूक रीतीत आहे. तुम्ही एका इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढलीत. पण एक २एस इलेक्ट्रॉन गेला की मागे राहिलेल्या दुसऱ्यावरचं ०.३५ चं परिरक्षण जातं आणि तो केंद्रकाला जास्त घट्ट बिलगतो. ते श्रेय वजा करायचं राहिलं. लिथिअममध्ये मागे संयुजा इलेक्ट्रॉनच उरत नाही, म्हणून तिथे चूक दिसली नाही.

नीट रीत अशी:
अणू: दोन इलेक्ट्रॉन, प्रत्येकी (१.९५ ÷ २)² = ०.९५१, एकूण १.९०१.
आयन: एक इलेक्ट्रॉन, परिणामी प्रभार ४ − १.७० = २.३०, (२.३० ÷ २)² = १.३२३.
फरक ०.५७९, गुणिले १३१२ = सुमारे ७५९.

१एस चे इलेक्ट्रॉन दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे ते आपोआप कटतात. ७५९ हा ९०० पासून लांब आहे, पण १२४७ इतका बहकलेला नाही.

आता याच रीतीने पुढे जा. बोरॉन ९४३ येतो (खरा ८०१), नायट्रोजन १२४६ (खरा १४०२), ऑक्सिजन १३६६ (खरा १३१४). स्लेटरच्या हिशेबात बाण कुठेच मोडत नाही! कारण उघड आहे. हे नियम २एस आणि २पी ला एकाच गटात टाकतात आणि फिरकीचा विचारच करत नाहीत. जे दोन परिणाम बाण मोडतात, तेच दोन नियमांत नाहीत. म्हणून 'स्लेटरच्या नियमांनी अपवाद स्पष्ट करा' असा प्रश्न दिसला तर तो प्रश्नच चुकलेला समजावा. १९३० मध्ये हे नियम आले ते कागद-पेन्सिलीने पटकन अंदाज बांधता यावा म्हणून, आणि त्या कामाला ते अजूनही उत्तम आहेत.

---

समीकरण_सुटेना

कळलं. बोरॉनचा हिशेब करून पाहिला: ३ × १.६९० − २ × २.१७६ = ०.७१९, म्हणजे ९४३. जुळलं.

---

तळमजला

वरच्या मजल्यावर सगळे रमलेत, मी खाली येतो. सारणीच्या तळाला बाण जास्त मोडतो आणि त्याबद्दल पुस्तकं कमी बोलतात.

गॅलिअम. तेराव्या गणात बोरॉन ८०१, ॲल्युमिनिअम ५७८, गॅलिअम ५७९, इंडिअम ५५८, थॅलिअम ५८९. गॅलिअमच्या आधी ३डी चे दहा इलेक्ट्रॉन भरले, त्याबरोबर केंद्रकात दहा प्रोटॉन वाढले. डी इलेक्ट्रॉनांचं परिरक्षण ढिसाळ, त्यामुळे परिणामी प्रभार अपेक्षेपेक्षा जास्त राहतो. थॅलिअमच्या आधी ४एफ चे चौदा भरतात, त्यांचं परिरक्षण आणखी ढिसाळ. शिवाय सापेक्षतेचा परिणाम.

सोने. तांबे ७४५, चांदी ७३१, सोने ८९०. नुसत्या लँथॅनाइड आकुंचनाने (४एफ च्या ढिसाळ परिरक्षणामुळे अणू आकसणं) ही उडी भरून निघत नाही. सोन्याचा अणुअंक ७९. १एस इलेक्ट्रॉनचा वेग ढोबळमानाने ७९ ÷ १३७, म्हणजे प्रकाशवेगाच्या ५८ टक्क्यांच्या आसपास. एस कक्षक आकसतात, आणि ६एस ही केंद्रकाजवळ शिरणारा असल्याने तोही आकसतो. पाऱ्याची १००७ ही त्यामुळेच.

फ्रान्सिअम. 'सर्वांत कमी आयनन ऊर्जा कोणाची?' बाणाच्या टोकाकडे बघून लोक फ्रान्सिअम सांगतात. चूक. सीझिअम ३७६, फ्रान्सिअम ३९३. ७एस चं तेच आकुंचन. शेजारी बेरिअम ५०३ आणि रेडिअम ५०९, तिथेही तसंच.

आणि माझी आवडती जागा: पंधरा-सोळाचा मोड खाली जाताना विरत जातो. नायट्रोजन-ऑक्सिजन फरक ८८, फॉस्फरस-सल्फर १२, आर्सेनिक-सेलेनिअम ६ (९४७ आणि ९४१). अँटिमनी ८३१ आणि टेल्युरिअम ८६९, इथे मोड नाहीच! कक्षक पसरट होत गेले की त्यांतल्या इलेक्ट्रॉनांचं आपसांतलं प्रतिकर्षण आणि विनिमय दोन्ही कमी होतात. सहाव्या आवर्तात तर मोड एक घर डावीकडे जातो: शिसे ७१६, बिस्मथ ७०३. इतक्या जड अणूत फिरकी-कक्षा युग्मनाने (इलेक्ट्रॉनची फिरकी आणि त्याची कक्षेतली गती यांच्या परस्परक्रियेने) ६पी चे दोन भाग पडतात, खालच्यात फक्त दोन इलेक्ट्रॉन मावतात. शिशात ते भरले. बिस्मथचा तिसरा वरच्या भागात जातो, म्हणून सैल. 'अर्धा भरलेला स्थिर' म्हणणाऱ्यांनी बिस्मथचं काय ते सांगावं.

---

कक्षक

तळमजला, बिस्मथचा मुद्दा भारी. म्हणजे तिथे बोरॉनचीच गोष्ट पुन्हा घडते: नवा, वरचा उपकक्षक सुरू होतो.

---

तळमजला

अगदी तेच.

---

डी_विभाग

संक्रमण धातूंबद्दल थोडक्यात. स्कँडिअम ६३३ पासून जस्त ९०६ पर्यंत दहा घरांत वाढ अगदी मंद, कारण जाणारा इलेक्ट्रॉन ४एस चा आणि वाढणारे ३डी चे इलेक्ट्रॉन त्याचं बऱ्यापैकी, पण पूर्ण नव्हे, परिरक्षण करतात. '४एस आधी भरतो, मग आधी जातो कसा?' हा नेहमीचा प्रश्न. लोखंडाचा अणू आणि लोखंडाचा आयन यांत कक्षकांचा क्रम एकच असला पाहिजे, असं कुणी सांगितलं? धन प्रभार वाढला की ३डी ची ऊर्जा ४एस पेक्षा झपाट्याने खाली जाते. पुन्हा वजाबाकीच.

पहिल्या आकड्यांपेक्षा पुढचे बघण्यासारखे. दुसऱ्या आयनन ऊर्जेत क्रोमिअम (१५९१) मँगनीजच्या (१५०९) वर, तांबे (१९५८) जस्ताच्या (१७३३) वर: क्रोमिअम आणि तांब्याचा दुसरा इलेक्ट्रॉन ३डी मधून काढावा लागतो. तिसऱ्या ऊर्जेत मँगनीज ३२४८, लोखंड २९५७. लोखंडाचा त्रिधन आयन सहज मिळतो आणि मँगनीजचा त्रिधन आयन पाण्यात टिकत नाही, त्यामागे हा आकडा मोठा वाटेकरी आहे.

---

बॉर्न_हेबर

एका ओळीत सांगायची गोष्ट: क्रमवार आकड्यांतली मोठी उडी म्हणजे कवच बदललं. ॲल्युमिनिअम ५७८, १८१७, २७४५, आणि मग ११५७७. तिसऱ्यानंतर उडी, म्हणजे तीन संयुजा इलेक्ट्रॉन. उडी ओळखताना फरक न घेता गुणोत्तर घ्या. इथे ३.१, १.५, ४.२. पहिलं ३.१ फसवं, कारण तिथे ३पी कडून ३एस कडे उतरतोय. कवच तेच आहे.

आकडे वापरताना एक खड्डा. तक्त्यात सोडिअम कुठे ४९६ तर कुठे ५०२ दिसतो. पहिला निरपेक्ष शून्य तापमानाचा, दुसरा २९८ केल्व्हिनची एन्थाल्पी. फरक ५/२ आरटी, म्हणजे ६.२ किलोज्यूल. बॉर्न-हेबर चक्रात (संयुग बनण्याच्या ऊर्जेचा टप्प्याटप्प्याने हिशेब) आयनन एका प्रकारची आणि इलेक्ट्रॉन स्वीकार दुसऱ्या प्रकारचा घेतला की उत्तर ६ ने चुकतं. दोन्ही एकाच प्रकारचे घेतले तर ती ६.२ आपोआप कटते.

---

वर्णपट

हे आकडे येतात कुठून, तेही असू द्या. अणूच्या शोषण वर्णपटातल्या रेषा एका बाजूला दाटत जातात आणि एका तरंगलांबीला त्यांची मालिका संपते. सोडिअमसाठी ती मर्यादा सुमारे २४१.३ नॅनोमीटर. ११९६२७ ला नॅनोमीटरने भागा, किलोज्यूल प्रति मोल मिळतात: ४९५.८. हायड्रोजनच्या लायमन मालिकेची मर्यादा ९१.२ नॅनोमीटर, त्यावरून १३१२. एका इलेक्ट्रॉन व्होल्टचे ९६.४८५ किलोज्यूल प्रति मोल, हा गुणक डोक्यात ठेवा.

मात्र ऊर्जेचा प्रत्येक उंबरठा आयननाचाच नसतो. फ्रांक आणि हर्ट्झ यांना १९१४ मध्ये पाऱ्याच्या वाफेत ४.९ व्होल्टला परिणाम दिसला आणि त्यांनी सुरुवातीला तेच आयनन समजलं. ते होतं उत्तेजन. पाऱ्याची आयनन ऊर्जा १०.४४ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

---

ज्योत_निळी

प्रयोगशाळेत हे सगळं कुठे टोचतं ते सांगतो.

ज्योतीच्या अणुशोषण उपकरणात पोटॅशिअम (४.३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट) मोजताना त्याचे बरेच अणू ज्योतीतच आयन होतात आणि अणूच्या रेषेला शोषण करायला उरत नाहीत. लक्षण: अंशांकन रेषा (माहीत संहतीच्या प्रमाण द्रावणांवरून काढलेली) खालच्या संहतींना वरच्या दिशेने वाकते, कारण द्रावण जितकं विरळ तितका आयन होणारा हिस्सा मोठा. उपाय म्हणजे आणखी सैल इलेक्ट्रॉनचं मूलद्रव्य भरपूर घालायचं. सीझिअम क्लोराइड असं घाला की द्रावणात लिटरला १००० ते २००० मिलिग्रॅम सीझिअम येईल. त्याचे इलेक्ट्रॉन ज्योतीत भरतात आणि पोटॅशिअमचा समतोल अणूकडे ढकलला जातो. बेरिअमसाठी नायट्रस ऑक्साइड-ॲसिटिलीनची जास्त तप्त ज्योत लागते, तिथे आयनन आणखी. लिटरला २००० मिलिग्रॅम पोटॅशिअम घालतात.

नेहमीच्या दोन चुका. सीझिअम फक्त नमुन्यात घालायचं आणि प्रमाण द्रावणात नाही. मग निकाल चढे येतात. दुसरी, स्वस्त सीझिअम मीठ, ज्यात पोटॅशिअमचीच भेसळ असते. मग कोरं (नमुना न घातलेलं) द्रावणच वाचन देतं. नमुना, प्रमाण आणि कोरं, तिन्हीत एकाच बाटलीतलं, सारखंच घाला.

अरगॉन प्लाझ्मा वस्तुमान वर्णपटमापीत नेमकं उलटं हवं असतं, आयनच हवेत. अरगॉनची ऊर्जा १५.७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. ८ च्या खालचे बहुतेक धातू जवळपास पूर्ण आयन होतात. आर्सेनिक (९.७९) निम्म्याच्या आसपास, सेलेनिअम (९.७५) त्याहून कमी. फ्लोरिन (१७.४२) अरगॉनच्याही वर, म्हणून या उपकरणावर तो थेट मोजायला घेऊ नये. आर्सेनिक आणि सेलेनिअमची ऊर्जा जवळपास सारखी असूनही हिस्सा वेगळा, कारण समतोलात नुसती ऊर्जा नसते, अणू आणि आयनाच्या अवस्थांची संख्याही असते. मेघनाद साहा यांच्या १९२० च्या आयनन समतोलाच्या समीकरणात ते पद आहेच.

---

अणुरेणू

साहांचं समीकरण इथे प्लाझ्मात भेटेल असं वाटलं नव्हतं, आभार. झेनॉनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून एक अवांतर: ऑक्सिजनच्या रेणूची आयनन ऊर्जा ११६५, झेनॉनच्या अणूची ११७०. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढतं हे दिसल्यावर नील बार्टलेट यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि १९६२ मध्ये झेनॉनचं संयुग केलं.

एक प्रश्न राहिला. सारणीच्या अगदी टोकाची मूलद्रव्यं एकेक अणूनेच तयार होतात. त्यांची वर्णपट मर्यादा कशी मोजणार?

---

तळमजला

वर्णपटाने नाही. लॉरेन्सिअमचं (१०३) उदाहरण घ्या. त्याच्या वापरलेल्या समस्थानिकाचं अर्धायुष्य सुमारे २७ सेकंद. तप्त धातूच्या पृष्ठभागावर अणू आपटवायचे; त्यांतले किती आयन होऊन सुटतात हे पृष्ठभागाचं तापमान, त्याचं कार्यफल आणि अणूची आयनन ऊर्जा यांवर ठरतं. आधी माहीत असलेल्या मूलद्रव्यांनी पृष्ठभागाचं अंशांकन करायचं, मग लॉरेन्सिअमचा हिस्सा मोजून उलट गणित. २०१५ मध्ये जपानमधल्या गटाने असा ४.९६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आकडा दिला. वरचं ल्युटेशिअम ५.४३, आणि सोडिअम ५.१४. म्हणजे त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन सोडिअमपेक्षाही सैल. गणितांशी तो जुळतो ते शेवटचा इलेक्ट्रॉन ६डी ऐवजी ७पी च्या खालच्या भागात धरला तर. बिस्मथमध्ये जे विभाजन अडथळा होतं, ते इथे इलेक्ट्रॉनला वेगळ्याच घरात नेऊन बसवतं.